कासव उभयचर का नाही? आठवीच्या शिष्यवृत्तीसाठी प्राण्यांच्या समसंबंधांची तयारी

जून २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात मुलीने पहिली सराव प्रश्नपत्रिका सोडवली. पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षा, जी तेव्हा आठवीत होत असे. पेपर दोनमध्ये तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० असे ७५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ दीड तास. आकृत्या, मालिका, सांकेतिक भाषा हे सगळे बरे गेले. शब्दांच्या समसंबंधांत, म्हणजे पहिल्या जोडीसारखी दुसरी जोडी पूर्ण करायच्या प्रश्नांत, गाडी अडली, आणि त्यातही प्राणी आले की हमखास. गणित चुकले तर कोणत्या पायरीवर घसरलो ते कागदावर दिसते. इथे उत्तर चुकले एवढेच कळत होते, आणि तिची धास्ती नेमकी त्याचीच होती. पुढच्या आठ महिन्यांत काय केले, कशाचा उपयोग झाला, अर्ज-निकालाच्या वाटेवर काय काय लागले, ते ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिते आहे.

पहिली चूक या प्रश्नात झाली :

बेडूक : उभयचर :: कासव : ?
(१) जलचर (२) उभयचर (३) सरीसृप (४) मत्स्य

तिने (२) रंगवला. कारण विचारले तर म्हणाली, "आई, कासव पाण्यातही राहतं आणि जमिनीवरही. मग उभयचरच ना?" उत्तर चूक, पण कारण खोटे नाही. या चुकीवर आम्ही दोन दिवस घालवले आणि ते पुढे सगळ्यात जास्त कामाला आले.

गोम अशी की 'उभयचर' हा शब्द दोन वेगळ्या शिड्यांवर बसतो. अधिवासावरून गट पाडले तर भूचर, जलचर, उभयचर. लहान वर्गांत मुले हेच आधी शिकतात. शरीररचनेवरून पाडले तर मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन हे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे पाच वर्ग. शब्द तोच, शिडी वेगळी. प्रश्न कोणत्या शिडीवर उभा आहे ते पर्याय सांगतात. वरच्या प्रश्नात सरीसृप आणि मत्स्य हे शब्द आहेत, म्हणजे शिडी शरीररचनेची. पर्यायांत फक्त भूचर, जलचर, खेचर (आकाशात उडणारे), उभयचर असते तर गोष्ट निराळी होती.

शरीररचनेच्या शिडीवर उभयचर ठरवायला आम्ही चार खुणा धरल्या : त्वचा ओलसर आणि खवल्यांशिवाय, अंडी पाण्यात आणि कवचाशिवाय, पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेणारे, मोठे होताना त्याचे रूप पालटणारे. कासव चारही ठिकाणी नापास होते. अंगावर खवले, जन्मापासून फुप्फुसे, अंड्याला कवच, आणि पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच छोटे कासव असते. आयुष्य समुद्रात काढणारी ऑलिव्ह रिडले कासवाची मादीसुद्धा अंडी घालायला कोकणातल्या वेळासच्या वाळूवर येते. हे उदाहरण सांगितल्यावर तिला पुन्हा कधी कासवाबद्दल विचारावे लागले नाही.

मुलांना धीर यावा म्हणून आणखी एक गोष्ट जरूर सांगा. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या कार्ल लिनियसनेही कासव, साप आणि सरडे बेडकांबरोबर एकाच उभयचर वर्गात टाकले होते. कोळी आणि खेकडे त्याने कीटकांत घातले होते. देवमाशाला मात्र १७५८ च्या आवृत्तीत त्याने माशांतून काढून सस्तनांत आणले. आपली मुले ज्या जागी घसरतात त्या खरोखरच निसरड्या आहेत.

जुलैमध्ये चुकांची वही सुरू केली. दोनशे पानी वही ६० रुपयांना. राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूच्या मोफत मिळतात, त्या उतरवून घेतल्या. झेरॉक्स आणि दोन मार्गदर्शक पुस्तके मिळून वर्षभराचा खर्च साधारण ९०० रुपये झाला. वहीत प्रत्येक चुकलेला प्रश्न पूर्ण लिहायचा, शेजारी आपण काय धरले होते ते, आणि खाली का चुकले ते एका वाक्यात. "घाई झाली" हे कारण चालणार नाही असे आधीच ठरवले होते. तीन आठवड्यांत चुकांचे स्वरूप दिसू लागले.

सर्वांत जास्त चुका नावाने फसून होत्या. मराठी नावे प्राण्याच्या दिसण्यावरून पडलेली आहेत, शास्त्रावरून नाहीत. देवमासा मासा नाही, सस्तन आहे. तारामासा मासा नाही, कंटकचर्मी (काटेरी त्वचेचा) आहे. समुद्रघोडा मात्र खरोखर मासा आहे, आणि पाणघोडा सस्तन असला तरी घोड्याच्या कुळातला नाही. शहामृगात मृग आहे, प्राणी पक्षी आहे. गोगलगायीत गाय आहे, प्राणी मृदुकाय. खवले मांजर सस्तन आहे, पण मार्जार कुलाशी त्याचा संबंध नाही, आणि अंगावर खवले असून ते सरीसृपही नाही. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात, पण तिचे जवळचे नाते झुरळाशी. ही नावे आम्ही वहीच्या मधल्या पानांवर समोरासमोर लिहिली : डावीकडे नाव, उजवीकडे खरा गट. दर रविवारी उजवी बाजू झाकून दहा मिनिटे उजळणी. ही यादी प्रत्येकाने स्वतः करावी, छापील घेऊ नये. स्वतः फसलेले नाव विसरत नाही.

दिसण्यावरून फसणे हा त्याचाच भाऊ. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणात, म्हणजे कृंतकांत, ती येत नाही. ससाही येत नाही. याउलट आपला राज्यप्राणी शेकरू कृंतक आहे, आणि काटे असलेले साळिंदरही. तरस कुत्र्यासारखे दिसते, पण त्याचे कुल स्वतंत्र आहे आणि नाते श्वानांपेक्षा मार्जारांशी जवळचे. कोळी आणि विंचू यांना सहा नव्हे, आठ पाय असतात, म्हणून ते कीटक नाहीत. खेकड्याचे नांग्या धरून दहा. पाय मोजायची सवय लागली की संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांच्या, प्राण्यांचे निम्मे प्रश्न सुटतात.

ऑगस्टमध्ये नावे पक्की झाली तरी गुण म्हणावे तसे वाढले नाहीत. वही चाळल्यावर कारण दिसले. चुका आता पायरीच्या होत्या. उदाहरणार्थ :

वाघ : मार्जार कुल :: लांडगा : ?
(१) मांसाहारी (२) सस्तन (३) श्वान कुल (४) वन्य प्राणी

चारही पर्याय लांडग्याला लागू पडतात. लांडगा मांसाहारी आहे, सस्तन आहे, वन्यही आहे. म्हणून "हे खरे आहे का?" असे विचारून उत्तर मिळत नाही. डाव्या जोडीत वाघापासून किती पायऱ्या वर गेलो ते पाहावे लागते. सातवीच्या पुस्तकात वर्गीकरणाची उतरंड आहे : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. डावीकडे कुल असेल तर उजवीकडेही कुलच. ही सात नावे एका पुठ्ठ्यावर उभी लिहून टेबलापुढे टांगली. प्रश्न सोडवताना ती पायरीवर बोट ठेवायची. दोन महिन्यांनी पुठ्ठ्याची गरज उरली नाही.

याच उतरंडीत आणखी एक खाचखळगा आहे. वर्तमानपत्रांत 'पक्ष्याची नवी प्रजाती सापडली' असे छापून येते, तिथे बहुधा जाती म्हणायचे असते. पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत प्रजाती ही जातीच्या वरची पायरी आहे. परीक्षेत पुस्तकाची परिभाषा धरायची.

ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने आम्ही ज्या एका सवयीला दिले, तिच्यामुळेच खरा फरक पडला असे मला वाटते. पर्याय पट्टीने झाकायचे. डाव्या जोडीचे नाते पूर्ण वाक्यात बोलायचे. त्याच वाक्यात पहिला शब्द काढून तिसरा घालायचा, आणि मगच पट्टी सरकवायची. "वाघ मार्जार कुलातला आहे. लांडगा कोणत्या कुलातला आहे?" वाक्य हवे, नुसता शब्द नको. "प्राणी आणि गट" असे पुटपुटले की पायरी निसटते. वाक्यात क्रियापद आले की नाते पक्के होते आणि दिशाही पक्की होते. 'पाल : सरीसृप' याचे वाक्य "पाल सरीसृप आहे" असे होते. 'सरीसृप : पाल' असेल तर "सरीसृपांचे एक उदाहरण पाल". पर्यायांत 'मत्स्य : शार्क' आणि 'शार्क : मत्स्य' दोन्ही दिलेले असले की वाक्याशिवाय सोडवणारी मुले इथेच अडकतात.

वाक्य आधी मोकळे ठेवायचे आणि गरज पडली तरच आवळायचे. हे समजायला वेळ लागला, म्हणून उदाहरण देते.

वटवाघूळ : सस्तन :: ? : पक्षी
(१) घार (२) शहामृग (३) टोळ (४) उडणारी खार

मोकळे वाक्य : "वटवाघूळ सस्तन आहे." यात टोळ आणि खार गळतात, कारण टोळ कीटक आणि उडणारी खार सस्तन. घार आणि शहामृग दोघेही उरतात. उत्तर एकच हवे असेल तर वाक्य आवळायचे : "वटवाघूळ सस्तन असूनही आपल्या वर्गातल्या बहुतेकांसारखे नाही, ते उडते." आता पक्षी असून उडत नाही तो शहामृग. पहिल्याच झटक्याला आवळलेले वाक्य केले तर साध्या प्रश्नातही मुले अपवाद शोधत बसतात. म्हणून आधी मोकळे, एकाहून जास्त उरले तर आवळायचे, हा क्रम मोडू नये.

डावी जोडी आडवी जुळत नसेल तर पहिला शब्द तिसऱ्याशी जोडून पाहायचा. 'गाय : हरीण :: वासरू : ?' यात गाय आणि हरीण यांचे नाते शोधत बसले तर "दोन्ही रवंथ करणारे" एवढेच हाती लागते आणि त्याने उत्तर येत नाही. पहिल्याचे तिसऱ्याशी जोडले की गायीचे वासरू, हरणाचे पाडस. अशा प्रश्नांना वर्गीकरणापेक्षा शब्दसंपत्ती लागते : घोड्याचे शिंगरू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, म्हशीचे रेडकू, सिंहाचा छावा. हे वहीच्या शेवटच्या दोन पानांत मावते, त्यावर फार वेळ घालवू नका.

गटाऐवजी गुणधर्म दिलेले प्रश्नही असतात, तेव्हा अपवाद माहीत असावे लागतात. हृदयाचे कप्पे माशात २, बेडकात ३, पक्षी आणि सस्तनांत ४. सरीसृपांत सामान्यतः ३, पण मगरीत ४. श्वसनासाठी माशाला कल्ले, गांडुळाला त्वचा, झुरळाला श्वासनलिकांचे जाळे. अंडी घालणारा सस्तन प्राणी म्हणून प्लॅटिपस लक्षात ठेवावा.

अर्जाचे काम सप्टेंबरमध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबरपर्यंत चालले. अर्ज पालकांनी भरायचा नसतो, शाळा आपल्या लॉगिनमधून भरते. शुल्क तेव्हा बिगरमागास विद्यार्थ्यांना २०० रुपये, मागासवर्गीय आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना १२५ होते. शाळेत वर्गशिक्षकांकडे आधार कार्डाची प्रत, फोटो आणि सही द्यावी लागली. अर्ज भरून झाल्यावर त्याची छापील प्रत मागून घ्या आणि नावाची देवनागरी व रोमन दोन्ही रूपे, जन्मतारीख, माध्यम आणि बँक तपशील शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. आमच्या प्रतीत मधल्या नावात एक अक्षर कमी होते. मुदतीत सांगितल्यामुळे दुरुस्ती एका दिवसात झाली. मुदत संपली की विलंब शुल्क लागते आणि धावपळही वाढते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी हे उरकलेले बरे.

नोव्हेंबर-डिसेंबर दोन उत्तरांच्या प्रश्नांना दिले. आठवीच्या परीक्षेत जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि दोन्ही वर्तुळे रंगवली तरच गुण मिळत. एक बरोबर धरले म्हणून निम्मे गुण नाहीत. इथे मोकळ्या वाक्याची सवय थेट कामी येते.

गांडूळ : वलयी :: (दोन अचूक पर्याय निवडा)
(१) जळू : मृदुकाय (२) गोगलगाय : मृदुकाय (३) तारामासा : मत्स्य (४) खेकडा : संधिपाद

वाक्य : "गांडूळ वलयी (अंगावर वलये असलेल्या) संघातले आहे." जळू गांडुळासारखीच वलयी, म्हणून (१) बाद. तारामासा कंटकचर्मी, म्हणून (३) बाद, शिवाय मत्स्य ही पायरीही वेगळी. उरले (२) आणि (४). या प्रकारात पहिले बरोबर उत्तर सापडले की मूल पुढच्या प्रश्नाकडे पळते, ही सगळ्यात महागडी सवय. ती मोडायला आम्ही सराव पत्रिकेत 'दोन' हा शब्द दिसताच त्याभोवती गोल करायचा नियम केला. आणि वाक्यात तीन पर्याय बसत असतील तर वाक्य सैल झाले आहे असे समजून एकदाच आवळायचे.

जानेवारीत घड्याळ लावले. ९० मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. आकृत्यांना आणि तर्काच्या प्रश्नांना जास्त लागतात, म्हणून शब्दांचा समसंबंध ३० ते ४० सेकंदांत संपायला हवा. सुरुवातीला वाक्य बोलण्यामुळे वेग कमीच झाला आणि ती वैतागली. दोन आठवडे गुण खाली गेले. तिथे धीर सोडू नका. वाक्य मनातल्या मनात तयार होऊ लागले की वेग परत येतो, आमच्याकडे तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. ४० सेकंदांत वाक्य सुचलेच नाही तर प्रश्नापुढे टिंब करून पुढे जायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत टिंबाचे प्रश्न भरून टाकायचे, एकही कोरा ठेवायचा नाही. उत्तरपत्रिकेच्या नमुन्याच्या पंधरा झेरॉक्स काढून वर्तुळे बॉलपेनने रंगवायचा सरावही केला. एकदा रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही, हे हाताला कळायला सरावच लागतो.

प्रवेशपत्र शाळेच्या लॉगिनमध्येच येते, शाळेतून सही-शिक्क्यासह घ्यावे लागते. आदल्या शनिवारी केंद्र पाहून आलो. परीक्षा रविवारी, १८ फेब्रुवारी २०२४ ला होती. पेपर एक ११ ते १२.३०, पेपर दोन २ ते ३.३०. मधल्या दीड तासात पहिल्या पेपरची उत्तरे जुळवायची नाहीत हे आधी ठरवले होते, तरी केंद्राच्या आवारात सगळीकडे तेच चालले होते. आम्ही डबा घेऊन दूरच्या झाडाखाली बसलो. दुपारच्या पेपरआधी वही उघडली नाही, फक्त सात पायऱ्या एकदा म्हणून घेतल्या. तिचे हात गार पडले होते. त्यावर पाणी आणि चार गोष्टी एवढाच उपाय होता. प्रश्नपत्रिका मुलांकडेच राहते, म्हणून उत्तराचा क्रमांक तिच्यावर बारीक लिहून ठेवायला सांगितले होते. त्याचा पुढे उपयोग झाला.

काही दिवसांनी अंतरिम उत्तरसूची संकेतस्थळावर आली. एखाद्या उत्तरावर आक्षेप असेल तर तो ठरलेल्या मुदतीत ऑनलाइनच नोंदवावा लागतो, टपालाने किंवा प्रत्यक्ष जाऊन नाही. प्राण्यांच्या प्रश्नावर आक्षेप घेताना भावना नको, पाठ्यपुस्तकाची इयत्ता, प्रकरण आणि पान द्या. आक्षेपांचा विचार होऊन अंतिम उत्तरसूची लागते. त्यानंतरची वाट लांबची होती. एप्रिलच्या अखेरीस अंतरिम निकाल आला, त्यानंतर गुणपडताळणीसाठी मुदत मिळाली, प्रत्येक पेपरला ५० रुपये, तोही अर्ज शाळेमार्फत. अंतिम निकाल आणि गुणवत्ता यादी जुलैमध्ये. पात्र ठरायला प्रत्येक पेपरमध्ये ४० टक्के लागतात, शिष्यवृत्ती मात्र यादीत येणाऱ्यांनाच मिळते. आठवीसाठी ती तेव्हा वर्षाला ७,५०० रुपये, दोन वर्षे अशी होती, आणि रक्कम बँक खात्यात जमा होते. मुलाच्या नावाचे खाते आधीच उघडून आधारशी जोडून ठेवा. आम्हाला त्या एका कामासाठी बँकेत तीन खेपा पडल्या.

चुकांची वही परीक्षेनंतर रद्दीत देऊ नका. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'प्राण्यांचे वर्गीकरण' हे पूर्ण प्रकरण आहे. रंध्रीय (स्पंजासारख्या) प्राण्यांपासून पृष्ठवंशीय प्राण्यांच्या वर्गांपर्यंत तीच नावे आणि तेच देवमासा-वटवाघूळ तिथे पुन्हा भेटतात. मधली पाने तेवढी वेगळी शिवून ठेवली आहेत.